एका कान्याचा फरक

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. इचलकरंजीत आमची खोली मागाच्या शेडला लागून. वडील मागावर, आई सुताच्या कांड्या भरायची, आणि भिंतीपलीकडे खटखट चालू असायची. 'मीठ दे' हेसुद्धा आम्ही ओरडून मागायचो. एका वर्षी शेड बंद पडली. भिंत गप्प झाली, वडील उंबऱ्यावर बसून राहू लागले, आणि आई दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापायला जाऊ लागली. आम्ही मात्र सवयीने ओरडूनच बोलत होतो. खटखट चालू म्हणजे चूल पेटणार, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यामुळे शांततेची मला भीतीच बसली.

अशा दिवसांत मी बी.ए.ला मराठी घेतलं. मामा म्हणाला, "मराठी तर येतंयच की तुला! त्यात शिकायचं काय?" सगळे हसले. मीही हसले, पण विषय बदलला नाही.

कॉलेजात माझ्या आवाजाचं पहिल्यांदा चीज झालं. एकांकिका स्पर्धेची निवड चालू होती. सर म्हणाले, "माइक बंद पडला तरी हिचं शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल." तिथून मला नाद लागला. ग्रंथालयातल्या सगळ्या एकांकिका मी वाचून काढल्या, मग दिवाळी अंकांत येतील त्या. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी आजही मोठ्याने सांगते. हळू सांगता येत नाही.

लग्न झालं ते कम्प्युटरवाल्याशी. दोन हजार सालानंतर कंपन्यांनी आपली मुलं भराभर जपानला पाठवली, त्यात आम्ही टोकियोतल्या निशी-कासाईला आलो. पहिल्याच आठवड्यात मी कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या जपानी आजी धावत वर आल्या. "दाइजोबु? दाइजोबु?" म्हणजे, ठीक आहे ना? मी झाकण उघडून वरण दाखवलं. त्यांनी वाकून नमस्कार केला, पण कुकरकडे संशयाने पाहतच खाली गेल्या. तिथल्या प्रत्येक मराठी बाईकडे या गोष्टीची आपापली आवृत्ती आहे.

आमच्या मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम वॉर्डाच्या हॉलमध्ये व्हायचा. दरवर्षी एकच जुनं तीन अंकी विनोदी नाटक कापून कापून बसवायचे: बंगला, सोफा, विसराळू सासरे. मंडळाचे काका मुंबईच्या बँकेतून बदलीवर आलेले, माणूस प्रेमळ, पण सोफा सोडायला तयार नाहीत. मी म्हटलं, "काका, त्या सोफ्यावर आमच्या घरचं कुणी कधी बसलं नाही. आज लिहिणाऱ्यांचं काहीतरी करू या."

"आज कोण लिहितंय हो चांगलं?"

मी सांगतच सुटले. निवृत्त कंडक्टर घरातल्या रिकाम्या खुर्च्यांना तिकिटं फाडतो, अशी सोलापूरकडच्या एकाची एकांकिका आहे. गॅसच्या रांगेतल्या सासू-सुनेची एक आहे, तिला नेपथ्य म्हणून फक्त एक सिलिंडर लागतो. आणि नाशिकच्या एका तरुण लेखिकेचं स्वगत आहे: परगावी आलेली नवी नवरी, बोलायला कुणी नाही म्हणून कुकरशी बोलते आणि शिट्टी हेच त्याचं उत्तर धरते. काका घड्याळाकडे बघत म्हणाले, "असं करा, मेल टाका."

हे स्वगत मी माझ्या वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीसाठी मनात धरलं होतं. मूळची पुण्याची, शिकलेली, पण जपानला आल्यापासून तिचा आवाजच गेला होता. दुकानात मान हलवायची, भिशीत कोपऱ्यात बसायची. मी तिला तो दिवाळी अंक दिला. दुसऱ्या दिवशी ती तो घेऊन खाली आली.

"ताई, हे माझ्यावर लिहिलंय का?"

"छे गं. ती बाई तुला ओळखत पण नाही."

"मग तिला कसं कळलं?"

"लेखक आहे ती. करतेस?"

ती हो म्हणाली. त्यानंतर पंधरवड्यातच तिच्या नवऱ्याचं काम संपल्याचं कळलं. गणपती झाले की त्यांना परत जायचं होतं. म्हणजे आता नाही तर इथे कधीच नाही. "मी इथे होते हे कुणाला आठवणारसुद्धा नाही, ताई," ती एकदा म्हणाली. त्या दिवसापासून हे स्वगत व्हायलाच हवं असं मी ठरवलं.

फोनचं कार्ड आणून मी लेखिकेला नाशिकला फोन लावला. जिवंत लेखकाचा फायदा हा, की तो फोन उचलतो. "जपानात? करा की!" ती ओरडली. "फक्त शेवट बदलू नका. लोकांना तो गोड करायची फार हौस असते." मी शब्द दिला.

आता मेलची गंमत. तेव्हा आमच्या घरच्या कम्प्युटरवर देवनागरी उमटत नसे. आम्ही मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो. मी काकांना लिहिलं, 'एक स्वगत, बारा मिनिटं', आणि पुढे मैत्रिणीचं नाव. काकांचं लगेच उत्तर आलं, 'उत्तम!' मला वाटलं, जिंकले.

कार्यक्रमाच्या दिवशी दारात कार्यक्रमपत्रिका हातात आली. सगळ्यात वर, गणेशवंदनेच्याही आधी: 'स्वागत', आणि तिचं नाव. इंग्रजी अक्षरांना काना कुठला!

मी काकांना गाठलं. "अहो, स्वगत! स्वागत नव्हे."

"अरे देवा. मी म्हटलं, बारा मिनिटं स्वागत करणारी कोण ही! मला वाटलं दोनचे बारा झाले असतील." ते खरंच ओशाळले. "पण आता मध्ये जागा नाही हो. हॉल वेळेवर रिकामा करून द्यायचाय, नाटक आधीच कापलंय. दोन मिनिटं बोलू दे तिला."

मैत्रिणीने ऐकलं होतं. पिशवीतला कुकर तिने पुन्हा आत सरकवला. "राहू दे, ताई. लोक अजून चपला काढतायत. पोरं पळतायत. कोण ऐकणार?"

मी म्हटलं, "पहिलं वाक्य काय आहे तुझं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्याही लक्षात आलं. कितीतरी दिवसांनी मी तिला खळखळून हसताना पाहिलं.

ती मंचावर गेली. हात जोडून म्हणाली, "या, या. बसा ना."

लोक बसले. बायकांनी पोरांना ओढून मांडीवर घेतलं, आता स्वागत चाललंय म्हणून.

"किती वाट पाहिली तुमची! पाणी देऊ? की थेट डाळच?" असं म्हणून तिने पिशवीतून कुकर काढला आणि पाटावर बसवला.

एक क्षण कुणाला काही कळेना. मग मागून एक बाई फिसकन हसली, आणि हॉल तिचा झाला. हॉलमध्ये शेगडी पेटवायला मनाई होती, त्यामुळे विंगेतून शिट्ट्या मी तोंडाने मारत होते. 'पोरीच्या जातीनं शिट्टी वाजवू नये' म्हणत आईने मला किती धपाटे घातले होते! त्या सगळ्यांची मी वसुली करून घेतली. दोन मिनिटं झाली तेव्हा काकांनी घड्याळ पाहिलं. नंतर पाहिलं नाही.

शेवटी दारात किल्लीचा आवाज होतो. ती कुकरवर घाईघाईने फडकं टाकते. नवरा विचारतो आहे, कोणाशी बोलत होतीस? आणि ती हसून म्हणते, "कुणी नव्हतं."

पुढे काही नाही. शेवट तेवढाच. तिचा नवरा दुसऱ्या रांगेत होता. तो सगळ्यांच्या आधी उठून उभा राहिला, आणि मग काय करावं न सुचून मंचावर जाऊन त्याने कुकर उचलला.

काका माझ्याजवळ आले. "नाटकातला दुसरा प्रवेश गाळलाय. सोफा आणलाय तेवढा वापरू." थोडं थांबून म्हणाले, "ते कंडक्टरचं काय म्हणत होतात तुम्ही?"

मैत्रीण गेली. कुकर मला देऊन गेली. अजून लोक तिचं नाव विसरले तर 'ती स्वागतवाली' म्हणतात, म्हणजे विसरत नाहीत.

पुढच्या गणपतीत कंडक्टर झाला, त्यानंतर सिलिंडर. आता कोबेहून फोन येतात, क्योतोला पीएच.डी. करणारी मुलं विचारतात, "ताई, तीन पात्रांचं काही आहे का? नवीन हवं." मी सांगते, लेखकाचा फोन नंबर देते, आणि शेवट बदलू नका म्हणून बजावते.

जपानातली मराठी माणसं आज कोणती एकांकिका करायची ते मला विचारून ठरवतात. मी बी.ए. आहे, मराठी घेऊन.