जास्त मार्कांचे पेढे

लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला माणूस दोन मिनिटांसाठी येतो आणि अर्धा तास बोलतो. जाताना रिपोर्ट नेतो, किस्सा माझ्या टेबलावर ठेवून जातो. कारकुनीतून रिटायर झाल्यापासून मी लातुरात भाच्याच्या लॅबमध्ये रिपोर्ट वाटतो. वरच्या मजल्यावर जिम आहे, त्यामुळे किश्शांची टंचाई नाही.

*

उदगीरचा शिवराज. वय बत्तीस, दंड माझ्या मांडीएवढे. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या दोनदा झाल्या, तेव्हा कुठे हा रक्त द्यायला तयार झाला. टेस्टोस्टेरॉन मर्यादेच्या दुप्पट निघालं. दुसऱ्या दिवशी पेढ्याचा बॉक्स घेऊन हजर!

"काका, डबल आलंय. दोष आपल्यात न्हाई."

लातुरात आकडा जास्त आला की पेढे वाटायचे, एवढंच आम्हाला ठाऊक. मीही दोन खाल्ले.

*

आमच्या लॅबमध्ये बसणाऱ्या डॉक्टर मॅडमनी पेढा बाजूला ठेवला. म्हणाल्या, इतकं वाढलं म्हणजे कारण शोधायला हवं. वृषणात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असू शकते, ग्रंथीचा जन्मजात दोष असू शकतो, नाहीतर बाहेरून काही घेतलेलं असतं.

'जन्मजात' ऐकताच शिवराजचे वडील आप्पा खुर्चीत ताठ झाले. "आमच्या घराण्यातच हाय ते, मॅडम."

तपासणीत गाठही निघाली नाही आणि घराणंही.

*

बाहेरून म्हणजे कसं, हे आम्हाला देगलूरच्या एका गुरुजींनी आधीच शिकवलं होतं. त्यांना डॉक्टरांनी हाताला चोळायचं हार्मोनचं जेल दिलेलं. गुरुजींनी सकाळी जेल चोळलं आणि तोच हात सुईसाठी पुढे केला. आकडा छताला! भाच्यानं दुसऱ्या हातातून रक्त घेतलं, तर आकडा जमिनीवर.

गुरुजी हळूच म्हणाले, "मंग पहिल्या हाताचाच रिपोर्ट द्या की."

*

शिवराज मात्र आठवडाभर एकच सांगत होता, मी काहीच घेत नाही. मग त्याची बायको महानंदा आली. तोवर ती माझ्या टेबलाशी एक शब्द बोलली नव्हती. पिशवीतून इंजेक्शनची बाटली काढून तिनं शिवराजसमोर ठेवली.

"काहीच घेत न्हाईत, तर ही देवघरामागं कुणी ठेवली?"

बाटली हार्मोनची होती, उदगीरच्या जिममधल्या ट्रेनरनं दिलेली. मॅडमनी समजावलं, बाहेरून माल येतोय म्हटल्यावर शरीरानं स्वतःचा कारखाना बंद केला, शुक्राणूंचासुद्धा. म्हणून पाळणा हलत नाही. इंजेक्शन थांबवलं तर कारखाना सुरू होईल, पण महिने लागतील, कदाचित वर्षही.

ट्रेनर म्हणाला, बॉडी उतरेल.

शिवराज म्हणाला, "उतरू दे."

*

आणि उतरली. आधी आकडा धपकन खाली गेला. शिवराज सोप्यावर पडून राहायचा, चिडायचा. पण सुईला परत हात लावला नाही. दर दोन महिन्यांनी उदगीरहून येऊन रक्त द्यायचा. शर्ट ढगळ होत गेले.

परवा वर्ष झालं. दोघं आले. आकडा बरोबर मर्यादेत. शिवराजनं पेढ्याचा बॉक्स उघडला. निम्मे मार्क पडल्याचे पेढे लातुरात मी पहिल्यांदाच खाल्ले.

मी महानंदापुढं बॉक्स केला, तर तिनं नाकाला पदर लावला. "नको काका. दोन दिस झाले, खव्याचा वासच सोसंना झालाय."

मी ड्रॉवरमधून दुसरा फॉर्म काढला आणि पेनचं टोपण उघडलं.