नऊ तासांचे सहा तास

रिठदहून आत वळलं की पायी तासाभरावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, उगाच तिथली माणसं माझ्या दारात भांडायला यायची. त्या गावात शेषराव वॉलमन आहेत. वॉलमन म्हणजे सकाळी विहिरीवरचा पंप सुरू करायचा, टाकी भरायची, आणि मग खांद्यावर लोखंडी चावी घेऊन गावभर फिरायचं, या आळीचा वॉल खोल, त्या आळीचा बंद कर. वय छप्पन्न, अंगानं काटक, बोलणं कमी. अकरा वर्षं झाली, अजून मानधनावरच आहेत.

आणि त्यांची वही! पंप किती वाजता लावला, किती वाजता बंद केला, एकूण तास किती, रोजची एक ओळ. निळी शाई, सुरेख अक्षर, आणि खाडाखोड म्हणाल तर अकरा वर्षांत एक नाही. तालुक्याचा साहेब आला की तीच वही उघडून बसायचा आणि ग्रामसेवकाला म्हणायचा, शिका काहीतरी. त्याच वह्यांच्या झेरॉक्स लावून शेषरावांना कायम करण्याची फाइल वाशिमला गेली होती. औंदा होईल, असं सगळेच म्हणत होते. शेषरावांची बायको अंजनाबाई तर ते इतक्या वेळा म्हणायची की शेजाऱ्यांना पाठ झालं होतं.

गेल्या वर्षी गावात नवा पंप आला. एका कंपनीनं योजनेतून बसवून दिला. अट एकच: जुन्यापेक्षा निदान चौथाई वीज वाचली पाहिजे. पाच वर्षं, दरसाल तपासणी होणार. वाचली तर पंप गावाचा, नाहीतर कंपनी तो उचलून नेणार आणि जुनं धूड पुन्हा विहिरीवर बसणार.

आता हे धूड काय होतं ते सांगतो. एक टाकी भरता भरता त्याला घाम फुटायचा, वर हात ठेवला तर चटका बसायचा. ती एक टाकी खालच्या गावातच संपायची. वरच्या पुऱ्यात, म्हणजे टेकाडावरच्या बौद्धांच्या साठ घरांत, पाइप होता, नळ होते, पाणी मात्र कधी आलं नाही. शेषरावांचं घरही तिथंच. साऱ्या गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाची बायको हातपंपावर नंबर लावून उभी राहायची, आणि यावर तिनं त्यांना जे जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. नवा पंप आला तसा टाकी भरायचा वेळ कमी झाला. खालचं गाव उरकून शेषराव आणखी अर्धी टाकी भरू लागले आणि वरच्या पुऱ्याचा वॉल पहिल्यांदा फिरला. त्या दिवशी बायका नळापाशी नुसत्या बघत उभ्या होत्या, घागर लावायचं कुणाला सुचेना.

तर वर्ष झालं आणि तपासणीला पौर्णिमा आली. मंगरूळपीरची मुलगी, शिकलेली इंजिनिअर, ना कंपनीची ना पंचायतीची, मधल्या एका संस्थेची. तिनं तारेला टाँग टेस्टर लावला. चिमट्यासारखं ते यंत्र तार धरतं आणि वीज किती जाते ते दाखवतं. नवा पंप तासाला आठ युनिट खात होता आणि रोज नऊ तास चालत होता, ते त्याच्यावरच्या तासांच्या मीटरवरच दिसत होतं. झाले बहात्तर. जुन्या पंपाचं मीटर वीज पडून कधीच जळालं होतं, बिल सरासरीनं यायचं. कंपनीच्या कागदात जुना पंप तासाला बारा युनिट खायचा एवढं होतं. तास कुठून घ्यायचे? शेषरावांच्या वहीतून.

वहीत रोजचे सहा तास. बारा सक बहात्तर.

"काका, बचत शून्य येते आहे," पौर्णिमा म्हणाली.

शेषरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पंप थंड चालतो, पाणी दीडपट देतो, आणि बचत शून्य? त्यांनी मनातल्या मनात पुन्हा गुणाकार केला. बहात्तर आणि बहात्तर. डोकं गरगरलं.

सरपंच मदनसिंग मात्र गरगरणाऱ्यातले नव्हते. त्यांनी शेषरावांना बाजूला घेतलं. "पाह्य शेषराव, वरच्या पुऱ्याचा वॉल बंद कर. पंप सहाच तास चालन. आठ सक अठ्ठेचाळीस. बचत दिसते का नाही?"

"आन् वरचं पानी?"

"सालभराआधी कुठं होतं? ही तपासणी दरसाल आहे बाप्पा, पाच वर्स. पंपच गेला तं खालीबी पानी नाही आन् वरबी नाही. तूच सांग, काय करू?" मदनसिंग वाईट माणूस नव्हते, हेच तर अवघड. त्यांचं म्हणणं शेषरावांना पटलं आणि पटलं नाही, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषराव पंपघरात चावी मांडीवर घेऊन बसून राहिले. वॉल बंद करायचा होता, पाय उठत नव्हते. पौर्णिमा आली, आकडे पुन्हा एकदा तपासू लागली. शेवटी शेषरावांना राहवेना.

"म्याडम, एक विचारू? वाचलेली वीज तुमी मोजता कशी? जे जळलंच नाही ते मीटरवर येते कुठून?"

पौर्णिमा हसली. "येत नाही काका. जुना पंप असता तर किती लागली असती, त्यातून आता लागते ती वजा करायची."

"पन जुना पंप तं नाही."

"नाही. म्हणून तर वही."

शेषरावांनी मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. "मले तं वाटते तुमचा चिमटा बिघडला. अवो, जुना पंप पहाटे पाचले लावला की दोन वाजेस्तोर टाकी भरे. दोन! मी भाकर तिथंच खाऊ. आन् आता पाहा."

पौर्णिमाचं पेन थांबलं. "काका, पाच ते दोन म्हणजे नऊ तास होतात."

"हाव."

"वहीत सहा आहेत."

"हाव ना. आदेशात सहाच आहे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तेही तिच्याकडे बघत राहिले, ह्या पोरीला एवढी साधी गोष्ट काहून कळत नाही म्हणून. मग समजावून सांगू लागले. कामाला लागले त्या दिवशी तेव्हाच्या ग्रामसेवकानं आदेश दाखवला होता: पंप दररोज सहा तास चालवावा. म्हणाला, वही आदेशाला धरून पाहिजे. शेषरावांनी धरली. पंप टाकी भरेपर्यंत चालवायचा, कारण माणसांना पाणी लागतं, आणि वहीत सहा लिहायचं, कारण आदेश सहाचा आहे. त्यांच्या लेखी वही म्हणजे आदेश पाळल्याची पावती. रविवारी निवांत बसून ते पुढच्या साऱ्या आठवड्याच्या ओळी लिहून टाकत. खाडाखोड येणार कुठून?

पौर्णिमानं पानं उलटली. "तेवीस सालच्या जूनमध्ये वादळात खांब पडले होते, तीन दिवस गावात लाइट नव्हती. रिठदच्या लोकांनीच सांगितलं मला. तुम्ही तिन्ही दिवस सहा लिहिलेत!"

"आदेश व्हता ना," शेषराव म्हणाले. पण आवाज निम्मा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपलीच वही दुसऱ्याच्या नजरेनं बघितली आणि त्यांना कसंतरीच झालं. आपण खोटं बोललो? कुणाशी? कधी? बोललो तर काहीच नव्हतो.

पौर्णिमा मात्र उत्साहात उठली. नऊ तास असतील तर बारा नवे एकशेआठ, आणि एकशेआठातून बहात्तर गेले की छत्तीस, म्हणजे एक तृतीयांश बचत. वरचा वॉल बंद करायची गरजच नाही. "पण काका, नुसत्या शब्दावर कसं घेऊ? वही खरी नाही म्हटल्यावर तुमचं तोंडी तरी का मानायचं? जुना पंप कुठं आहे?"

जुना पंप पंपघरामागं गवतात पडला होता. गावात मोटारी दुरुस्त करणाऱ्या बादलला बोलावलं. त्यानं चार शिव्या देऊन गंज काढला, पाइप जोडला, तारा लावल्या. मदनसिंगही आले. पंप घरघरला, सगळं पंपघर हादरलं आणि पाणी चढू लागलं. पौर्णिमा टाँग टेस्टर लावून बसली, बादल रिकाम्या टाकीवर बांबू घेऊन. तासाभरानं पंप बंद केला. बारा युनिट. बांबू एक फूट ओला. टाकी नऊ फुटांची.

"नऊ तास," पौर्णिमा म्हणाली. "काका खरं बोलत होते."

बादलनं टाकीवरूनच शिट्टी मारली. शेषरावांना मात्र आनंद करावा की नाही तेच कळेना. शिवाय पौर्णिमा आणखी काहीतरी सांगू लागली. म्हणे, बचत खरं तर याहून जास्त आहे, कारण जुन्या पंपानं वरच्या पुऱ्यालाही पाणी द्यायचं ठरवलं असतं तर त्याला आणखी किती वीज लागली असती तेही धरता येतं. जुन्या पंपानं जे पाणी कधी दिलंच नाही, ते दिलं असतं तर जी वीज जळाली असती, ती जळाली नाही म्हणून वाचली! शेषरावांनी हात जोडले. "राहू द्या म्याडम. छत्तीसच राहू द्या."

मग तिनं कागद पुढं केला. वहीतल्या नोंदी प्रत्यक्ष तासांच्या नाहीत, असं पंप चालवणाऱ्याच्या हस्ताक्षरात लिहून सही हवी होती. त्याशिवाय तिच्या संस्थेत वही बाजूला ठेवून चाचणीचा आकडा धरता येत नव्हता.

शेषरावांनी पेन घेतलं. तेवढ्यात मदनसिंग खाली बसले, अगदी जवळ. "शेषराव, त्या वाशिमच्या फाइलीले हेच झेरॉक्स लागले आहेत. हा कागद तिकडं जाईनच, लपत नाही. तुयी फाइल गेली समज. वॉल बंद करून टाक, मी कोनाले काही सांगत नाही. चार वर्सांत तू कायम होऊन निवृत्तबी होशीन."

पौर्णिमाला हे ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा उतरला. "काका, विचार करा. मी उद्या येते."

"उद्या येऊन काय होते?" शेषराव म्हणाले. उद्या येईपर्यंत अंजनाला विचारावं लागलं असतं, हे ते बोलले नाहीत. त्यांनी लिहिलं. दुसऱ्याच ओळीत 'नोंदी' चुकला, तो खोडला आणि वर पुन्हा लिहिला. मग सही केली.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. अंजनाबाई दारातच उभी. "अकरा वर्स!" ती ओरडली. "अकरा वर्स मी लोकायले सांगून राह्यली, औंदा होते, औंदा होते. आन् तुमी आपल्या हातानं लिवून दिलं का वही खोटी! डोकं ठिकान्यावर हाय का तुमचं?" काय मिळवलं आणि काय घालवलं, दोन्ही शेषरावांना धड मांडता येत नव्हतं. रात्री तिनं भाकरी वाढली, पण ताट जरा आपटूनच.

सकाळी त्यांनी वरच्या पुऱ्याचा वॉल खोलला आणि चावी खांद्यावर टाकून घरी आले. अंजनाबाई नळापाशी बसली होती. एक घागर भरून झाली होती, दुसरी लागली होती.

"मले काहून नाही विचारलं?" ती घागरीकडं बघतच म्हणाली.

"विचारलं असतं तं तू नाही म्हटली असती."

पाणी काठापर्यंत आलं तरी तिनं नळ बंद केला नाही, थोडं पायावर सांडू दिलं.

"हाव," ती म्हणाली. "नाहीच म्हटली असती."

मग नळ बंद करून तिनं भरलेली घागर त्यांच्याकडं सरकवली. "घ्या. शेजारच्या मोतीबाईच्या घरी ठेवून या. बुढीचे गुडघे लय दुखून राह्यले."