मॅग्नेशियमवरची साय

आमच्या लॅबमध्ये यश काही साठलं नाही, किस्से मात्र साठत गेले! धाराशिवजवळच्या एका कॉलेजात आम्ही तिघं: सर, त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी मी आणि लॅब अटेंडंट रशीदचाचा. मॅग्नेशियमची, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी हे सरांचं स्वप्न. त्यासाठी हवा चांगला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीच्या आतला द्रव. दुपारी बाहेर माळ लखलखायचा आणि आम्ही खिडकीशी चहा घेत उद्याची दुनिया बघत बसायचो.

* * *

एकदा चाचांनी विचारलं, "अडतंय कुठं, सर?"

"मॅग्नेशियमवर लगेच साय धरते, चाचा. मग आतबाहेर काही जातच नाही."

"मग फुंकर मारा की!"

सर पोट धरून हसले. मग एकदम खडू उचलला. संध्याकाळपर्यंत फळ्यावर एकच प्रश्न होता: 'द्रवात काय घातलं तर साय हटेल?'

* * *

माझे आप्पा सास्तूरहून लॅब बघायला आले. काचेच्या बंद पेटीत रबरी हातमोजे घालून काम करताना मी म्हटलं, "आप्पा, आत पाण्याचा अंशही चालत नाही. सगळं बिघडतं."

आप्पांनी टोपी सारखी केली. "पाणी चालत न्हाय? मग आपल्या जिल्ह्याएवढी झकास जागा कुठं घावायची!"

* * *

लोहाऱ्याहून येताना जीप बंद पडली. बॅटरी डाऊन! ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुमची बॅटरी कवा येनार?"

"लागतील अजून दहा-वीस वर्षं."

"बरं. तवर ढकला!"

* * *

आणि सर रिटायर झाले तो दिवस. इतक्या वर्षांत आमचा एकही सेल दोन दिवसांपुढं टिकला नव्हता. नव्या द्रवातला मात्र तेरा दिवस चालू होता. स्क्रीनवर त्याची रेघ चार्ज होताना सावकाश वर जायची, उतरताना सावकाश खाली यायची, श्वासासारखी.

हॉलमध्ये हार, शाल, भाषणं तयार. सरांचा पत्ता नाही. प्राचार्यांनी चाचांना पाठवलं, मागोमाग मी.

सर स्क्रीनसमोर बसले होते, डोळे भरलेले. चाचांनी दारातच चपला काढल्या, सरांच्या खांद्यामागं उभे राहिले. रेघ वर गेली. खाली आली. परत वर गेली.

मग चाचा पाय न वाजवता हॉलमध्ये परतले. प्राचार्य माईकवरूनच म्हणाले, "अहो, सर कुठं आहेत?"

चाचांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, साहेब. आत लेकरू निजलंय."