शिवणीच्या फळीचा जबाब

आधीच सांगतो, मी फिजिक्स शिकवतो. लातूरला, नीटच्या क्लासमध्ये. भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की सगळ्यात आधी खिल्ली उडवणारा मीच. त्यामुळे हे नाव न देता लिहितोय... स्टाफरूममध्ये कळलं तर माझं काही खरं नाही.

मला गिटार बनवायचा छंद आहे. आजवर चार बनवल्या, त्यातल्या दोन वाजतात. या मे महिन्याच्या सुरुवातीला पाचवीसाठी लाकूड शोधत होतो, तर मामा — माझे सासरे, जन्मभर सुतारकाम केलेले, आता आमच्याकडेच असतात — पलंगाखालून गोणपाटात गुंडाळलेली शिवणीच्या लाकडाची फळी घेऊन आले. औसा तालुक्यातलं त्यांचं घर भूकंपात पडलं, त्यात सासूबाई गेल्या. त्या घरातून मामांनी एवढी एकच वस्तू आणली होती. तीस वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता.

"घ्या जावईबापू. माझ्यामागं जाळताल चुलीत, त्यापरीस वाजंल तरी."

तळमजल्यावरच्या माझ्या कामाच्या खोलीत फळी चिरून दोन पातळ पानं केली, मधोमध जोडली, गिटारच्या दर्शनी पानाचा आकार कापला. मग रंध्याने तासत तीन मिलिमीटरच्या खाली आणायची. हे काम कानाने करायचं असतं. थोडं तासायचं, पान दोन बोटांत वरच्या कडेला धरायचं, बोटाच्या पेराने ठोकून ऐकायचं. मला दोनदा ठोकायची सवय आहे.

टक टक. आणि दीडेक सेकंदाने... टक.

मला वाटलं, आमच्या घराच्याही वरच्या मजल्यावरच्या होस्टेलची पोरं. पोरं जेवायला गेल्यावर पुन्हा ठोकलं. टक टक — टक. पंखा बंद केला. पान घेऊन गच्चीवर गेलो, तिथेही तेच. मोबाईलवर रेकॉर्ड करून स्क्रीनवर आलेख पाहिला, तीन उंचवटे स्वच्छ दिसत होते. एकदा ठोकलं तर काही नाही. तीनदा ठोकलं तरी काही नाही. फक्त दोनदा ठोकल्यावरच. प्रतिध्वनी ठोके मोजून उत्तर देत नाही, एवढं फिजिक्स मला येतं.

चौथ्या दिवशी दुपारी मामा दारात येऊन उभे राहिले. मी ठोकलं. ते ऐकून मामा आत आले आणि फळीवर तळवा ठेवला.

"एक म्हंजी थांबा," म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. ही फळी त्यांच्या कामाच्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या मधल्या आडोशाची. मामा अलीकडून हातातल्या लाकडी मोगरीने दोनदा ठोकायचे — चहा झाला का? सासूबाई पलीकडून लाटण्याने जबाब द्यायच्या. एक म्हणजे थांबा. तीन म्हणजे झाला, या. भूकंपाच्या आदल्या दिवशी मामा परगावी चौकटी बसवायला गेले होते, रात्री तिथेच राहिले. सकाळी आले, ढिगाऱ्यातून या फळीचं टोक वर आलेलं दिसलं. दुपारपर्यंत दोनदा, दोनदा ठोकत बसले. शेवटी लोकांनी त्यांना उचलून नेलं.

"मी उठल्यावर तिनं ठोकलं आसंल तर वो?" मामा म्हणाले. मला पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्यांनी एकच मागणी केली, फळी इतक्यात गिटारला चिकटवू नका. मी ती त्यांच्या खोलीत खिळ्याला टांगली. रोज सकाळी ते दोनदा ठोकायचे. फळी एकदा. "थांबा म्हनून ऱ्हायली," असं हसत म्हणायचे आणि चहा प्यायचे. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझी बायको सुरेखा हे ऐकून आधी रडली, मग तीही रोज दारात उभी राहून ऐकायला लागली.

गेल्या आठवड्यात सोमवारी मामा आंघोळीला गेले असताना मी फळीची धूळ पुसत होतो. सवयीने ठोकलं.

टक टक. टक, टक, टक.

सुरेखाला मी हे सांगितलेलं नाही. फळी उतरवली, खाली नेली, त्याच मिनिटाला आधीच तयार असलेल्या गिटारच्या अंगावर ग्लू लावून ती बसवली आणि चहूबाजूंनी सोळा क्लॅम्प आवळले. मामांना म्हणालो, वाळेपर्यंत ठोकायचं नाही, सांधा हलेल.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. रेकॉर्डिंग आहेत, आलेख आहेत, कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा. माझा अजूनही या गोष्टींवर विश्वास नाही, हेही लिहून ठेवतो.

पण ग्लू एका दिवसात वाळतो. आज नववा दिवस, आणि क्लॅम्प मी काढलेले नाहीत.

आज सकाळी मामा खाली आले. क्लॅम्पवरून हात फिरवत उभे राहिले. जन्मभर लाकूड चिकटवलेला माणूस.

"वाळंना व्हय अजून?"

"नाही मामा. हवा लई दमट आहे."

बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. मामांनी खिडकीतून ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आसू द्या," म्हणाले. "गडबड न्हाई."

आणि जिन्याकडे तोंड करून त्यांनी सुरेखाला चहा टाकायला सांगितलं.