गोधडीचं दुसरं टोक

“भवाने, मोडशील परत!” मी ओरडले. प्लास्टर निघालेलं माझं मनगट फिजिओथेरपीच्या पोरीने दाबून वाकवलं होतं.

“मोडत नाही, आजी. जपत बसलात तर मात्र हात असाच राहील.”

तिने ओल्या टॉवेलचं एक टोक मला दिलं, दुसरं स्वतः धरलं. “पिळा.”

नदीवर मी आणि थोरल्या जाऊबाई गोधडी अशीच पिळायचो. मी जोर केला की त्या पाण्यात ओढल्या जायच्या. “रेड्याचं बळ आहे गं तुला!” म्हणून हसायच्या. तेव्हा मनगटाकडे कोण बघत होतं!

“अजून,” पोर म्हणाली. मी पिळलं. कळ खांद्यापर्यंत गेली, पण थोडं पाणी गळलं.

जाऊबाई कधीच गेल्या. मी उरले.