दवाखान्यातला फोनो

दवाखान्यात दोन गोष्टी साठतात. रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या पेशंट घेऊन येतात आणि भरून परत नेतात. किस्से मात्र आमच्याकडेच टाकून जातात! सोलापुरात अण्णासाहेब डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो, तेव्हाचा माझ्याकडचा साठा एवढा आहे, की कुठला आधी काढू कळत नाही. आज फक्त फोनोचे सांगतो.

आमच्या अण्णासाहेबांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. पेशंटची नाडी बघताना यांचा पाय हलायचा. जेवताना पेपर वाचायचे आणि पेपर वाचताना येरझारा घालायचे. अशा माणसानं कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं, की शास्त्रीय गाणं ऐकलं की चित्त शांत होतं आणि वर बुद्धीही तल्लख होते. झालं! आठवड्याच्या आत मोठ्या कर्ण्याचा फोनो दवाखान्यात हजर. सोबत ख्यालांच्या प्लेटी.

"आजपासून आधी गाणं, मग औषध!" डॉक्टरांनी जाहीर केलं.

आता प्लेट वाजते तीन मिनिटं. ती संपली की सुई बदला, प्लेट पालटा, चावी द्या. मधल्या वेळात पुड्या बांधा, मिक्श्चर घोटा. तोवर प्लेट परत संपलेली! डॉक्टर पेशंटला म्हणायचे, "डोळे मिटा, अंग सैल सोडा." आणि मी घामाघूम.

संध्याकाळी मी त्यांना माझा आखडलेला खांदा दाखवला. डॉक्टर म्हणाले, "तू नीट लक्ष देऊन ऐकत नाहीस वाटतं!"

*

बुद्धीचं खातं नाना वकिलांनी उचललं. नाना म्हणजे डॉक्टरांचे शाळेपासूनचे दोस्त. रोज कोर्टात जायच्या आधी यायचे, डोळे मिटून एक प्लेट ऐकायचे, "वा!" म्हणायचे आणि काळा कोट झटकून निघायचे.

एक दिवस तोडी ऐकून गेले आणि कोर्टात असं काही बोलले, की जज्जसाहेब लिहायचे थांबून ऐकत बसले. नानांचं बोलणं संपल्यावर जज्जसाहेब म्हणाले, "आर्ग्युमेंट फर्स्ट क्लास. पण वकीलसाहेब, तुमचा अशील वादी ना? तुम्ही प्रतिवादीची बाजू मांडलीत!"

नाना तडक दवाखान्यात. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुद्दे बिनतोड होते ना? मग बुद्धी वाढली की!"

"वाढली रे," नाना खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पण माझा अशील आता मला शोधत फिरतोय!"

*

सांगोल्याकडची एक धनगर आजी आली होती. पोटात दुखायचं म्हणून मुलानं आणलेली. दारातच थबकली. आत प्लेटीवरच्या बाईंनी लांब आलाप लावला होता.

"आत कोन बाई हाय वो?" आजी मला म्हणाली. "लई कळ येतीया तिला. आदी तिला बघा. माजं काय, रोजचंच हाय. मी बसते भाईर."

"आजी, ते गाणं आहे," मी म्हटलं.

आजीनं पदर कानामागं सारला, जरा वेळ ऐकलं.

"गानं व्हय? मंग येवढं दुकतंय तरी गाती म्हनायची की!"

मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांचा हलणारा पाय तेवढा थांबला होता.

*

कुर्डुवाडीचा एक इंजिन ड्रायव्हर छाती धडधडते म्हणून यायचा. त्याला डॉक्टरांनी विलंबित ख्याल लावला. प्लेट संपल्यावर मोठ्या आशेनं विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"गाडी आउटरला उभी ऱ्हायल्यागत," तो म्हणाला. "सिग्नल बी पडंना, खाली बी उतरता येईना!"

*

मग डॉक्टरांच्या डोक्यात आलं, की एकेकाला ऐकवण्यात वेळ जातो. सगळ्यांना एकदम ऐकवावं. मागच्या खोलीत सतरंजी घातली आणि थंडीतापाचे, डोकेदुखीचे असे सहा-सातजण ओळीनं आडवे केले. सगळे गिरणीतले. प्रत्येकाला गाण्याआधी आणि गाण्यानंतर थर्मामीटर लावायचा असा बेत. आमच्याकडे थर्मामीटर एकच, तो पहिल्याच्या तोंडात होता.

प्लेट सुरू झाली. खोली अशी काही शांत झाली, की डॉक्टरांनी मला कोपरानं ढोसलं. "बघ! बघ!" एकजण तर घोरायलाच लागला.

आणि गिरणीचा भोंगा झाला!

सगळे ताडकन उठले. कुणी कुणाचा पटका गुंडाळला, कुणी कुणाच्या वहाणा घातल्या आणि सगळे पळत सुटले. घोरणारा सगळ्यात पुढं! खोलीत राहिलो डॉक्टर, मी आणि गाणारे बुवा.

"अरे, तो पहिला!" डॉक्टर एकदम ओरडले. "थर्मामीटर गेला!"

थर्मामीटर पाळी करून दुसऱ्या दिवशी परत आला.

*

डॉक्टरांच्या मंडळींना, म्हणजे आमच्या वहिनींना, हे सगळं माजघरातून ऐकू जायचं. एक दिवस त्या दवाखान्यात येऊन म्हणाल्या, "गावाला निजवताय, तर एकदा स्वतः निजून बघा की."

वहिनींपुढं डॉक्टरांचं काही चालायचं नाही. बाकावर आडवे झाले. मी नाडी मोजली आणि प्लेट लावली. डॉक्टरांनी डोळे मिटले. उघडले. "कर्णा जरा इकडं वळव." परत मिटले. "सुई नवी घातलीस ना?" मग उठून कर्ण्यावरची धूळ पुसली. मग खिडकी लावली. मग उकडतंय म्हणून उघडली. प्लेट संपली तेव्हा डॉक्टर खोलीच्या मधोमध उभे होते!

मी परत नाडी मोजली. आधीपेक्षा जलद.

"तुझं घड्याळ दाखव," डॉक्टर म्हणाले. घड्याळ त्यांचंच होतं.

*

आता नरसय्याचा सांगतो.

नरसय्या साखर पेठेतला विणकर. सगळा जन्म घरच्या हातमागाच्या खटखटीत गेलेला. छातीचा आजार झाला म्हणून मुलांनी त्याचं विणणं बंद केलं. दोन्ही मुलं गिरणीत लागली, थोरल्याचं लग्न झालं, घरात जागा पुरेना, तेव्हा माग सोडवून माळ्यावर टाकला. त्या दिवसापासून नरसय्याची झोप उडाली.

त्याची बायको बालव्वा त्याला हाताला धरून घेऊन आली. तेलुगू वळणाच्या मराठीत डॉक्टरांना म्हणाली, "बसते, उटते. बिंतीला हात लावते, परत बसते. जेवत न्हाई. असा मेला तर मी काय करू, अय्या?"

डॉक्टरांनी झोपेसाठी ब्रोमाइडचं मिक्श्चर दिलं. उपयोग नाही. डोस वाढवला. उपयोग नाही. माणूस दर खेपेला आधीपेक्षा वाळलेला दिसायचा. डोळे खोल गेले, बोलणं तुटक झालं. डॉक्टरांना मी घाबरलेलं पहिल्यांदाच बघत होतो. फोनो आला तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन नरसय्याला टांग्यातून आणलं.

भर दुपार होती. डॉक्टरांनी प्लेटी खालीवर करून त्यातली सगळ्यात आवडती निवडली. मी चावी गच्च भरली. नरसय्या बाकावर पडला, पण एक अंग स्थिर नाही. बोटं चाळवतायत, पाय मागंपुढं होतायत. गाणारे बुवा जीव तोडून गात होते आणि हा छताकडं बघत होता. बालव्वा जमिनीवर बसून याच्या तोंडाकडं बघत होती. डॉक्टर येरझारा घालत होते.

इतक्यात बाहेर आरडाओरडा झाला. एका हमालाचा पाय गाडीच्या चाकाखाली सापडला होता. डॉक्टर आणि मी धावत ओसरीवर गेलो. रक्त थांबवलं, पाय बांधला आणि हात धुऊन परत आत आलो.

गाणं केव्हाच संपलं होतं. सुई प्लेटीच्या शेवटच्या रेघेत अडकून एकसारखी वाजत होती. खट्... खट्... खट्... खट्...

आणि नरसय्या झोपला होता! तोंड उघडं, हात छातीवर, पाय निवांत.

मी सुई उचलायला हात पुढं केला. बालव्वानं झटकन माझं मनगट धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"उंडनी अय्या," ती कुजबुजली. "राहू द्या."

तेवढ्यात चावी उतरत आली. खट्... मग बऱ्याच वेळानं खट्... नरसय्याच्या पापण्या हलल्या, बोटं चाळवायला लागली. डॉक्टरांनी मला बाजूला सारलं, फोनोपुढं गुडघे टेकले आणि हळूहळू, आवाज न करता चावी फिरवायला लागले. खट्, खट्, खट्. नरसय्यानं मोठा श्वास सोडला आणि कूस बदलली.

चावी फिरवत डॉक्टर तिथंच बसून राहिले. बाहेर बाकावर पेशंटांची गर्दी झाली. शेवटी एकानं दारातून मान आत घातली.

"डॉक्टरसाहेब, गाणं संपलं न्हवं?"

डॉक्टरांनी मागं वळून न बघता हळूच सांगितलं, "नाही. चालू आहे."