बिनकापडाची छत्री

कोंडीराम ओव्हाळ छत्र्या दुरुस्त करतो, एवढंच सांगितलं तर त्याच्यावर अन्याय होईल. तो आधी छत्रीवर चिडतो, मग तिच्या मालकावर, आणि दोघांची उतरवून झाल्यावर कामाला लागतो. "छत्री हाय का काठी? म्हस हाकलायला घेतली व्हती काय?" असं विचारल्याशिवाय त्याचा हात काड्यांना लागतच नाही. कर्जतच्या बाजारात चपलांच्या दुकानाच्या पायरीवर तो तीस-पस्तीस वर्षं बसतोय. पायरी दुकानदाराची खरी, पण दुकानदारच बिचारा अंग चोरून आत-बाहेर करतो. पावसाळ्यात कोंडीरामला मान वर करायला सवड नसते. उरलेले आठ महिने बॅगांच्या चेन, कुकरच्या मुठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकटचे सल्ले. त्यात सल्लेच जास्त.

दुसरा नाद मासे धरण्याचा. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन राजनाल्याच्या कालव्यावर नाहीतर नदीवर जाऊन बसायचं. दोन तासांत एखादी मरळ लागली तर लागली, नाहीतर घरी येऊन पाण्याला नावं ठेवायची. त्याची बायको मालनबाई म्हणायची, "मासे तुला वळखतात आता. लांबूनच पळतात." तरी वाटण मात्र ती करून ठेवायची.

या दोघांची एकुलती एक पोर पौर्णिमा. बारावीनंतर ती एका रिसॉर्टवर पाहुण्यांना नदीत होडीतून फिरवायला लागली, आणि तिथल्या ओळखीतून थेट मांडव्याला, एका मोठ्या बोटीवर. ही बोट हौशी पाहुण्यांना खोल समुद्रात नेते. तिथे पाठीवर शिडासारखा पंख आणि तोंडाला तलवारीसारखी चोच असलेला माणसाएवढा मासा मिळतो. तो गळाला लावायचा, बोटीपर्यंत आणायचा आणि सोडून द्यायचा. हे सोडून देणं कोंडीरामच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. "धरायचा आन सोडायचा? मंग धरला कशाला?" यावरून बापलेकीचं दर सणाला वाजायचं. पोर बोटीवर एकटी बाई आहे, बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, नरेश कडक आहे, याची त्याला काळजी होती. ती त्याने बोलून कधी दाखवली नाही, त्याऐवजी भांडला.

फेब्रुवारीत एका सोमवारी पौर्णिमा अचानक घरी आली. खांद्यावर गोणपाटाचं बोचकं. आल्या आल्या तिने ते अंगणात ओतलं. कोंडीरामने पाहिलं आणि सवयीने चिडला.

"कुणाची गं ही छत्री? कापड कुठं हाय?"

"छत्री नाय आबा. ड्रेज हाय." पौर्णिमा तिथेच बसली. चेहरा उतरलेला. "बोटीमागं पाण्याखालून ओढायचं असतंय. ह्या काड्यांना रबराचे मासे लटकवायचे. लांबून बघणाऱ्या मोठ्या माशाला वाटतंय, मासळीचा थवाच चाललाय. मंग तो बघायला जवळ येतो."

"आन हे असं कुणी केलं?"

"मी." ती खाली बघत म्हणाली. "बोट वळली, मी दोरी वेळेत वढली नाय. बोटीच्या पंख्यात गेलं. परदेशातनं आणलेलं व्हतं, दुसरं यायला महिना लागतोय. शनिवारी पाहुणे हायेत. तांडेल म्हणाला, शनिवारी ड्रेज पाण्यात दिसलं नाय तर तुझ्या जागी दुसरा माणूस घेतो."

कोंडीरामने सांगाडा उचलला. मधे दांडा, त्याला मिटणाऱ्या-उघडणाऱ्या सहा पोलादी काड्या. तीन वाकलेल्या, एक मोडलेली, बाकी दोन नशिबाने धड. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मोडकं सामान आणणाऱ्याला एक शब्दही सुनावला नाही. मालनबाईला हे दिसलं, आणि तिला जास्तच काळजी वाटली.

काड्या सरळ करणं हा त्याच्या हातचा मळ. मोडलेल्या काडीसाठी तो चौक गावी जाऊन एका गॅरेजवाल्याशी हुज्जत घालून न गंजणारी सळई घेऊन आला. अडलं ते माशांवर. रबराच्या माशांच्या पंख्याने चिंध्या करून टाकलेल्या. मग त्याने माळ्यावरून जुन्या छत्र्यांचं गाठोडं काढलं. हल्ली आतून चांदीसारख्या चकाकणाऱ्या छत्र्या निघाल्यात ना, त्या. त्यांच्या कापडाचे वीतभर मासे कापले, मधे प्लॅस्टिकची पट्टी घातली, पोटात पागाला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला लावतात तसला शिशाचा मणी. मालनबाईने मशीनवर कडा शिवल्या. डोळ्यांना काय लावायचं म्हणून तिघं बसून राहिली, तेव्हा मालनबाईनेच छत्रीच्या पट्ट्यावरची टिचबटणं उचकटली. छत्तीस मासे, बहात्तर डोळे. घर सगळं टकमक बघायला लागलं.

आता बोट कुठून आणायची? पण कोंडीरामला बोटीची गरजच वाटली नाही. बोट पाण्यातून चालली काय किंवा पाणी जागच्या जागी पळालं काय, माशाला दोन्ही सारखंच. बुधवारी कालव्याला पाणी सुटलं तसा तो मोरीवर, म्हणजे कालव्यावरच्या लहान पुलावर गेला, दोरी कठड्याला बांधली आणि ड्रेज खालच्या धारेत सोडलं.

छत्तीसच्या छत्तीस मासे जत्रेतल्या पाळण्यासारखे गरगर फिरायला लागले.

"कोंड्या, कपडे धुतोस का रं?" चांगोने विचारलं. चांगो शेजारच्या शेताचा मालक, कोंडीरामचा शाळेतला दोस्त. बघता बघता मोरीवर आठ-दहा माणसं जमली आणि प्रत्येकाकडे एकेक सल्ला होता. सल्ले देणाऱ्याला सल्ले घ्यायची वेळ आली की कसं होतं, ते त्या दिवशी कोंडीरामच्या तोंडावर वाचता आलं असतं. त्याने सगळ्यांकडे पाठ केली. मोरीवर पालथा पडला आणि पाण्यात बघत राहिला. ड्रेजकडे नाही, कडेच्या संथ पाण्यात बारक्या मासळीचा खराखुरा थवा उभा होता, त्याच्याकडे. सगळ्यांची तोंडं धारेकडे, शेपट्या तेवढ्या हलतात. आणि एक मासा मागे. पुढे यायला बघतोय, पुन्हा मागे पडतोय.

गुरुवारी त्याने दोरी आणि दांडा यांच्यामधे पीळ पडू न देणारी फिरकी बसवली, दांड्याच्या टोकाला वजन वाढवलं आणि प्रत्येक मासा नाकाशी बांधला. पुन्हा पाण्यात सोडलं. थवा सरळ झाला. मग त्याने एका माशाची दोरी हातभर लांब केली. तो मागे राहिला, धडपडल्यासारखा हलायला लागला. पौर्णिमा मोरीवर ओणवी होऊन बघत होती. तिने एकेक मासा, एकेक गाठ हाताने तपासली आणि म्हणाली, "आबा, परदेशी ड्रेजला हे जमलं नव्हतं."

बापाला एवढं पुरे होतं. तिथेच थांबला असता तर बरं. पण शुक्रवारी सकाळी पोर आंघोळीला गेलेली असताना त्याने त्या मागच्या माशाच्या पोटाची शिवण उसवली, स्वतःचा सगळ्यात मोठा गळ आत घातला आणि टोक तेवढं बाहेर ठेवून शिवून टाकलं. कर्जतच्या कुठल्याही माणसाला विचारा, खाणारा मासा थव्यातला कोणता उचलेल? मागचाच. मग एवढा मोठा मासा जवळ यायचा आणि त्याला लागायला गळच नाही? पोरीला कुणी काही शिकवलेलं दिसत नाही, असं त्याला मनापासून वाटलं. शनिवारी तिच्या ड्रेजला मासा लागला की तांडेल गप्प बसेल. सांगायचं मात्र नाही. तिला कळेल तेव्हा खूश होईल.

फिरकी अडकली तर बघायला माणूस हवा, असं कारण काढून तोही तिच्याबरोबर दुपारच्या एस.टी.ने निघाला.

शनिवारी उजाडता उजाडता बोट सुटली. नरेश तांडेलला कोंडीरामने "जयभीम" घातला, त्यानेही मान हलवून "जयभीम, काका" म्हटलं आणि ड्रेजकडे संशयाने पाहिलं. "टिचबटणं?" त्याने विचारलं. पौर्णिमा म्हणाली, "एकदा पाण्यात बघा. मी स्वतः तपासलंय."

पुढचे तीन तास कोंडीरामचे वाईट गेले. पोटात होतं नव्हतं ते समुद्राला दिलं. जमीन दिसेनाशी झाली तेव्हा बोट मंद झाली, पौर्णिमाने ड्रेज उजव्या बाजूने सोडलं, आणि तो कठड्याला धरून उठला. निळ्या पाण्यात, हात-दोन हात खाली, चांदीचा थवा चालला होता. मागे एकटा तो धडपड्या. कोंडीराम आपली ओकारी विसरला.

पुण्याहून आलेले दोन पाहुणे गळाच्या काठ्या घेऊन बसले होते. नरेश वरून सुकाणू धरून त्यांना समजावत होता, "ह्या थव्यात एकही गळ नसतो बरं का. हा फक्त दाखवायला. मासा बघायला आला की आपण काठीचं आमिष त्याच्यासमोर टाकतो, हिचं काम ड्रेज हळूच बाजूला काढायचं."

"आणि ह्यातच गळ लावला तर?" एका पाहुण्याने विचारलं.

"वेडा आहे का कोणी? एवढ्या वजनाला मासा अडकला तर त्याचा जबडा फाटेल. आणि दोरी हिच्या हातात आहे. हिची बोटं जातील."

कोंडीरामने पोरीच्या हाताकडे पाहिलं. तिने दोरीचा एक वेढा पंज्याभोवती घेतलेला होता. आता सांगावं तर सगळ्यांसमोर तिचं नाव जाईल. "मी स्वतः तपासलंय" म्हणाली होती. न सांगावं तर... तो पौर्णिमाच्या जवळ सरकायला लागला. कानात सांगावं असं त्याच्या मनात होतं.

"आला!" नरेश वरून ओरडला. "ड्रेजमागे, उजवीकडे!"

खालून एक जांभळी सावली वर आली. पंख उघडला तशी ती निळीशार झाली. सगळ्या थव्याला सोडून ती नेमकी मागच्या माशाकडे वळली.

"पौर्णिमे, वढ! गळ हाय त्यात! मी लावलाय गं, वढ!" कोंडीरामचा आवाज बाजारात कधी चढला नव्हता एवढा चढला.

पौर्णिमाने मागे वळूनही पाहिलं नाही. पंज्यावरचा वेढा झटकला आणि हातावर हात टाकत दोरी ओढत सुटली. मासा त्या धडपड्याच्या मागे मागे थेट बोटीपर्यंत आला, चोच त्याला टेकवणार तेवढ्यात तिने सगळा सांगाडा पाण्याबाहेर उचलला. क्षणभर मासा तिथेच राहिला, हात लावता येईल एवढा जवळ. मग बोट दिसली असावी. गेला. पाहुण्यांची आमिषं अजून डब्यात होती.

नरेश खाली उतरला. एकेक मासा उलटा करत शेवटच्याशी थांबला, बोटाने गळाचं टोक दाबून पाहिलं.

"तांडेल, मी लावला," कोंडीराम म्हणाला. हात जोडले होते. "काल सकाळी, तिच्या नकळत. तिला काय बी ठाऊक नाय. मला वाटलं, तुमी लोकं गळ लावायला इसरता. पोरीला काढू नका."

"आबा, तुमी थांबा." पौर्णिमा धापा टाकत होती. "गुरुवारी मी तपासलं, काल नाही. बोटीवर चढवताना पुन्हा बघायला पाहिजे होतं. पाण्यात सोडलं मी. चूक माझी."

नरेश पाहुण्यांकडे वळला. त्यांची माफी मागितली, पकडीने गळ काढला आणि ड्रेज तिच्या हातात दिलं. "सोड परत."

दुपारपर्यंत दुसरा मासा आला नाही. परतीच्या वाटेवर, किनारा दिसायला लागल्यावर, नरेश कोंडीरामजवळ येऊन उभा राहिला.

"काका, तो एक मासा मागं सोडायची अक्कल कुणाची?"

"माझीच. ती बी माझीच."

"पस्तीस सोडून त्याच्याच मागं होता. डाव्या बाजूलाही असंच एक करून द्या. गळ सोडून."

"देतो की." कोंडीराम म्हणाला. "आन पौर्णिमा?"

"तिचं काय? दोन दोन ड्रेज मी एकटा ओढू?"

सोमवारी पायरीवर बसून कोंडीरामने सगळ्या बाजाराला मासा सांगितला. सकाळी तो माणसाएवढा होता, दुपारी चांगो आला तोपर्यंत चपलांच्या दुकानात मावेना. बोटीवर आपण कसे ओरडलो, हेही सांगितलं, फक्त का ओरडलो ते जरा बदलून.

पण रविवारी संध्याकाळी घरी आल्यावर त्याने काहीच सांगितलं नव्हतं. मालनबाईने ताट वाढलं, मासा मिळाला का म्हणून विचारलं, तर नुसती मान हलवली. भाकरी तशीच हातात राहिली.

"मी तिथं माती खाल्ली गं," तो म्हणाला. "सगळ्यांच्या समोर. आन ती म्हणाली, चूक माझी. बापाला एक शब्द लागू दिला नाय तिनं." त्याने भाकरी ताटात ठेवली. मालनबाई जवळ येऊन बसली तेव्हा तो म्हणाला, "एवढी मोठी कधी झाली गं ती? मी हितंच व्हतो की."